धार मोडते तिथे

“विचारल्याशिवाय बोलायची नाही ही. तिकडे हिला कोण विचारणार?”

मुंबईच्या विमानतळावर काचेच्या दाराशी आई मावशीला हळूच सांगत होती. मी पासपोर्ट शोधत असल्यासारखी पर्समध्ये डोकं घालून उभी होते. भूकंपाला दोन-तीन वर्षं होऊन गेली होती, तरी आमच्याकडे जपान म्हणजे टीव्हीवर पाहिलेलं ते त्सुनामीचं काळं पाणीच होतं. बॅगेची बांधलेली दोरी पुन्हा आवळत बाबा म्हणाले, “जमीन हलली की आधी फोन कर. मग टेबलाखाली जा.”

“अहो, उलटं!” मावशी म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा सगळे हसले.

योकोहामात खरंच कुणी काही विचारलं नाही, आणि मला ते बरं वाटलं. ऑफिसमध्ये दिवसभर गप्प राहिलं तर इथे माणूस शिस्तीचा ठरतो. संध्याकाळी कोंबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या कोपऱ्यावरच्या दुकानात, मी बेंतो, म्हणजे जेवणाचा तयार डबा, घ्यायची; काउंटरवरची मुलगी “बेंतो गरम करू का?” एवढंच विचारायची. मी ‘हो’ म्हणून मान हलवायची. कित्येक दिवस तेवढंच माझं संभाषण.

तुमच्यापैकी जे असे निघून आलेत, त्यांना रविवारचे व्हिडिओ फोन ठाऊक असतील. जेवलीस का, थंडी आहे का, जमीन हलली का. मग बाबा आणि मी एकमेकांकडे बघत बसायचो. ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या मोरी-साननी मला त्यांचा जुना गळ दिला आणि एका रविवारी नदीवर नेलं, तेव्हाही बाबांचा फोन आला. बोलायला काही नव्हतं, म्हणून मी कॅमेरा नदीकडे वळवला.

“थांब, हलवू नको,” बाबांनी चष्मा चढवला. “तो पुलाचा खांब बघ. त्याच्या मागं पाणी कसं गप्प बसलंय. तिथं धार मोडते. मासा तिथंच असणार.”

कऱ्हाडला बाबा दर रविवारी कृष्णेवर गळ टाकून बसत. मी घाटाच्या पायरीवर इंग्रजी गोष्टीचं पुस्तक घेऊन बसायची. तेव्हा मी वर क्वचितच पाहिलं. त्यांच्याशेजारी बसून जे शिकता आलं असतं, ते इतक्या लांबून, अडखळणाऱ्या नेटवर शिकले. धार, भोवरा, डोह, आडोसा. हे शब्द मला शाळेने दिले नाहीत. जोरात वाहणाऱ्या पाण्यात मासा दमतो. म्हणून तो दगडाच्या आडोशाला, धारेकडे तोंड करून थांबतो आणि वाहत येईल ते टिपतो. “दगडावर नको टाकू. वरच्या अंगाला टाक, पाण्यालाच नेऊ दे.”

मोरी-सान म्हणाले, इथला मोठा बास मासा कधीकधी दगडाच्या पुढेही असतो. पाणी आपटून मागे सरतं, तिथे ओंजळभर जागा शांत असते. मी ते मराठीत सांगितलं. बाबा म्हणाले, “आमच्या कृष्णेतल्या माशांना हे कुणी कळवलेलं नाही.”

अशी कॅमेऱ्यातून मासेमारी महिनोन्महिने चालली. लागलं काहीच नाही, पण आम्ही बोलत होतो.

मार्चमध्ये माझा करार संपणार होता. मी परतणार म्हणून बाबांनी वरची खोली रंगवून घेतली, खिडकीला जाळी बसवली, माझा गळ टांगायला भिंतीत दोन खुंट्या ठोकल्या. त्या खुंट्या मला फोनवर दाखवल्या. त्याआधीच ऑफिसने कायम राहाल का म्हणून विचारलं होतं, आणि बेंतोला हलवावी तशी मी मान हलवली होती. घरी सांगायचं होतं. दर रविवारी ठरवायचे आणि दर रविवारी कॅमेरा पाण्याकडे वळवायचे.

मग एका रविवारी दगडाच्या पुढच्या त्या ओंजळभर जागेत दोरी ताणली गेली. बाबा वरच्या खोलीतून आईला ओरडले, “अगं, लवकर ये! पोरीला मासा लागला!” आई पोळपाट सोडून आली. तांबूस-सोनेरी अंग, त्यावर काळसर पट्टे, लाल डोळा. बास माझ्या ओल्या हातात धडपडत होता.

“पहिला मासा नदीचा,” बाबा म्हणाले. “सोड त्याला. हळू, तोंड धारेकडं करून.”

घाटावरून मी हे मात्र पाहिलेलं होतं. पहिला मासा बाबा नेहमी असाच सोडायचे. पण इथल्या काठावर पाटी आहे: हा मासा बाहेरून आणलेला आहे, इथल्या माशांना संपवतो, पकडला तर पुन्हा पाण्यात सोडू नये. मोरी-सान बर्फाचा डबा उघडून उभे होते.

कॅमेरा आभाळाकडे वळवून “सोडला” म्हणता आलं असतं. बाबांनी मानलं असतं. घर म्हणजे जिथे न बोलता कळतं, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. आता घर म्हणजे पडद्याला चिकटलेले हे दोन चेहरे होते. मी दाखवेन तेवढंच त्यांना दिसत होतं, बाकी सगळं सांगावंच लागणार होतं. त्यांच्यामागे त्या रिकाम्या खुंट्या दिसत होत्या.

मला कुणी काही विचारलं नव्हतं.

“बाबा, हा इथे परत सोडता येत नाही,” मी म्हणाले. “आणि मार्चमध्ये मी घरी येत नाहीये.”