फाट्यावर थांबलेला नारळाचा ट्रक

आमच्या राळेगावकडे नारळ म्हणजे देवाचा. शनिवारी मारुतीपुढे फोडायचा, बोटाएवढा तुकडा प्रसाद म्हणून खायचा आणि उरलेली वाटी वाळवून मसाल्यासाठी ठेवायची. नारळ हे रोजचं जेवण असतं, हे मला सून घरात येईपर्यंत ठाऊक नव्हतं. ती कोकणातली. तिच्या माहेरी सकाळच्या चटणीपासून आमटीपर्यंत नारळ, केसांना त्याचंच तेल, अंगण झाडायला त्याच्याच झावळ्यांच्या हिरांची केरसुणी, चुलीत करवंट्या. माझी पत्नी गेल्यापासून मुका झालेला आमचा स्वयंपाकघराचा कोपरा तिच्या येण्याने पुन्हा बोलू लागला. आमच्याकडे सुना सासऱ्याला मामाजी म्हणतात. ही पहिल्या दिवसापासून मला बाबा म्हणत आली.

तिला दिवस गेले आणि आनंद पुरता साजरा होण्याआधीच उलट्या सुरू झाल्या. भाकर, वरण, मऊ खिचडी, काहीच टिकेना. मुलगा यवतमाळजवळच्या लोहारा गावातल्या कारखान्यात, सुट्टीलाच घरी येणारा. तिच्या आईचा पाय मोडलेला. डॉक्टरीणबाईंनी सलाईन लावलं, गोळ्या दिल्या आणि मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "काका, जे टिकेल ते द्या. असंच वजन उतरत गेलं तर दोघांनाही जड जाईल." मी ताट तिच्यापुढे ठेवून दाराबाहेर बसायचो. थोड्या वेळाने मोरीकडून उलटीचा आवाज यायचा आणि मी ताट उचलायला उठायचो.

"पोरी, तुले काय खावंसं वाटते ते तरी सांग," मी एकदा विचारलं.

"पेज, बाबा. ओल्या नारळाचा रस घातलेली," ती म्हणाली, आणि लगेच, "पण असू दे. इथे कुठे मिळणार तसा नारळ?"

मी दुकानातून आणले. एक कुजका निघाला, दुसरा खवट. तो वास येताच ती तोंड दाबून उठली, आणि परत आल्यावर उलट माझीच समजूत घालू लागली.

त्या शनिवारी मी फाट्यावरच्या मारुतीला गेलो तो रिकाम्या हातांनी आणि भरल्या डोळ्यांनी. आयुष्यभर याच्यापुढे नारळ फोडले. आज घरात एका चांगल्या नारळासाठी जीव तळमळतो आहे आणि हा शेंदूर लावून गप्प उभा! ऐकणारं कोणी आहे तरी का, असंही मनात आलं. "माझ्या पोरीले अन्न पचू दे," एवढंच बोललो आणि पायऱ्या उतरलो.

समोर एक ट्रक चाकाच्या स्प्रिंगची कमान तुटून उभा होता. चालक खाली शिरून पाहत होता, आणि त्याची बायको हातात कळशी घेऊन पाणी शोधत होती. मी तिला देवळामागचा हातपंप दाखवला, दांडा मारून दिला. आंध्रातली होती, नवऱ्यासोबत ट्रकवरच फिरणारी. तिचं हिंदी मोडकं, माझंही तसंच. "क्या माल है?" मी सहज विचारलं.

"कोब्बरी," ती म्हणाली, आणि ताडपत्रीचा कोपरा वर केला. आत नारळच नारळ.

मी तिला घरची हकीकत कशीबशी सांगितली. ती पुरतं ऐकायलाही थांबली नाही. मिस्त्री यायला वेळ होता. पदरात मावतील तेवढे नारळ घेऊन ती म्हणाली, "चलो बाबा, बहू किधर?"

आमच्या घरात खवणी कुठली? पण सुनेने माहेरची विळी आणली होती, पुढे खवणी असलेली. त्या बाईने विळीवर बसकण मारली आणि नारळ फोडला. घरभर गोड, ओला वास पसरला. सून खाटेवरून उठून बसली. "कोब्बरी," बाई वाटी दाखवून म्हणाली. "खोबरं!" सून म्हणाली. "कोब्बरी!" "खोबरं!" दोघी एकमेकींकडे बघून हसत सुटल्या. कितीतरी दिवसांनी ते हसू ऐकलं मी. भाताची पेज झाली, वरून नारळाचं दूध आणि चिमूटभर मीठ. सूनबाई एक घोट प्यायली. आम्ही तिघेही थांबलो. मग दुसरा. मग वाटी पुढे केली, "अजून आहे?"

पेज टिकली. त्या बाईने मलाही जेवायला बसवलं. नारळ घातलेल्या भातावर मी मिरचीचा ठेचा घेतला तर दोघींनी कपाळावर हात मारला! निघताना तिला आमच्या वावरातली तुरीची डाळ बांधून दिली. फाट्यावर परतलो तर ट्रक दुरुस्त झाला होता; ती मारुतीकडे बोट दाखवून म्हणाली, "उसने गाड़ी रोका," आणि ट्रकवर चढली.

गोळ्यांचा गुण म्हणा, पेजेचा म्हणा, सून हळूहळू सावरली. पुढे डॉक्टरीणबाईंनी माझ्या हातात नात ठेवली तेव्हा मला रडू आवरेना. मी मागत होतो की आमचं अन्न त्या पोरीला मानवावं. मारुतीने तिचंच अन्न, तिच्यासारखीच हसणारी बाई सोबत देऊन, आमच्या दारात पाठवलं. एवढं माझ्या कल्पनेत मावलंच नसतं. आताही मारुतीपुढे उभा राहिलो की मागणं तोंडावर येतंच, माणूस आहे. पण ते कसं पुरवायचं, हे मात्र मी त्याला सांगायचं सोडलं आहे.