फळ्यावरचा जबाब

"आज अख्खं मार्केट यार्डच घेऊन आलात वाटतं आपण?" बाई वैशालीला म्हणाल्या. पुण्यात अपमानही अहो-जाहो करून करतात. मग त्यांनी मॉनिटरला रूम स्प्रे आणायला लावला आणि आमच्या बाकावर मारायला सांगितला. वर्ग हसला.

वैशाली आणि मी नववीत एका बाकावर बसायचो. राहायलाही एकाच वस्तीत. तिची आई यार्डात कांदे निवडायची, माझे वडील तीच पोती पाठीवर वाहायचे. वास दोघींच्याही युनिफॉर्मला होता. पण बाईंनी "कोणाचा वास येतोय?" विचारलं, तेव्हा मी तिच्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. स्प्रे मारून झाल्यावर दप्तर उचलून पुढच्या बाकावर गेले. मला कुणी सांगितलंही नव्हतं.

मग स्प्रे रोजचाच झाला. वैशाली वर्गात डबा उघडेना. एकदा नळावर मला म्हणाली, "मला आता कुठंच जावंसं वाटत नाही." दुर्लक्ष कर म्हणाले आणि कळशी उचलून निघाले. कुणा मोठ्या माणसाला सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. महिन्याभरात वैशालीने आत्महत्या केली. पंधरा वर्षांची होती.

का केली, याचं पूर्ण उत्तर माझ्याकडे नाही. कुणाकडेच नसेल. पण तिला कसं वागवलं, ते मी पाहिलंय.

चौथ्या दिवशी पोलीस शाळेत येणार होते. आमच्याकडे धड्याची उत्तरं बाई फळ्यावर लिहायच्या, आम्ही उतरवून घ्यायचो. त्या दिवशी बाईंनी जबाब लिहिला. 'वैशाली अबोल होती. तिच्या घरी ताण होता. शाळेत तिला कोणताही त्रास नव्हता.' सगळा वर्ग उतरवू लागला. एकीने तर समासही आखला.

मीही लिहीत होते. 'घरी ताण' आलं आणि हात थांबला. आदल्या दिवशी तिची आई आमच्या दारात बसून मला विचारत होती, "माझ्या हातनं काय चुकलं गं, पोरी?" आता ते सगळं तिच्याच माथी मारायचं चाललं होतं.

मी कागद फाडला. बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "दहावी इथूनच द्यायचीय ना आपल्याला?"

मी उभी राहिले. "हो," म्हणाले. "पण हे खोटं आहे."

दुसऱ्या कागदावर सगळं लिहिलं. स्प्रे, हसणं, माझं बाक सोडणं. पोलिसांच्या हातात दिलं. पुढे काहीच झालं नाही. तिच्या आईलाही सगळं सांगितलं. ती उठून गेली, पुन्हा माझ्याशी बोलली नाही. तिचा राग मला मान्य आहे.

आता इतक्या वर्षांनी बाई निवृत्त होतायत; येत्या शनिवारी त्यांचा निरोप समारंभ आहे. माजी विद्यार्थिनी म्हणून मला बोलायला बोलावलंय. भाषण आधी दाखवा, असं शाळेनं कळवलं. दाखवणार नाही. वैशालीचं नाव घेऊन हेच सांगणार, माझ्या गुन्ह्यासकट. माईक बंद केला, तर ओरडून सांगेन.