टहरौलीच्या लग्नाला गेलेलं घर

झाशी स्टेशनवर उतरले तेव्हा गाडीला उशीर झालेला होता आणि थंडी चांगलीच पडली होती. माझा मावसभाऊ श्रीकांत न्यायला आला होता. व्यसनमुक्ती केंद्रातून दुसऱ्यांदा बाहेर पडला तेव्हा मी त्याला पाहिलं होतं, नुसता हाडांचा सापळा. आता गाल भरलेले, दाढी नीट केलेली.

"ताई, सफर कसा झाला? थकली नाहीस ना?" त्यानं विचारलं. झाशीतल्या जुन्या मराठी घरांमधून हिंदी अशीच मिसळलेली असते.

रिक्षानं आम्ही सिव्हिल लाइन्समध्ये आलो. तिथे कडुनिंबाखालच्या एका बैठ्या घरात श्रीकांतसह दारू सोडलेले सात-आठ पुरुष एकत्र राहतात. सकाळी आपापल्या कामाला जातात, स्वयंपाक पाळीपाळीनं करतात आणि संध्याकाळी गोल बसून दिवस कसा गेला ते एकमेकांना सांगतात. जो पितो, त्याला घर सोडावं लागतं. हा एकच नियम कडक. त्या दिवशी जेवायला गकरिया (निखाऱ्यांवर भाजलेली कणकेची जाड पोळी) आणि वांग्याचं भरीत होतं. मी दोन खाल्ल्या, तिसरी मागून घेतली.

श्रीकांतची बायको आणि मुलगी इथून जवळच, बडा बाजारात राहतात. मी त्याला सरळच विचारलं, "बरा झालास, मग घरी का जात नाहीस?"

"दोनदा गेलो की. केंद्रातून सीधा घरी. घरचे पहारा द्यायचे, मी लपून प्यायचो. इथे पहारा नाही, सोबत आहे. जाईन, पण घाई नाही करणार."

दुसऱ्या दिवशी टहरौलीला जायचं होतं. या घरातले हरप्रसादजी मूळचे तिकडचे, शेतकरी. त्यांच्या मुलीचं लग्न होतं, आणि त्यांनी आदल्या संध्याकाळी सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "हमें डर लग रओ." (मला भीती वाटतेय.) थोरल्या मुलीच्या लग्नात ते पिऊन मांडवात पडले होते. यावर कोणी उपदेश केला नाही. फक्त ठरलं, की सगळं घर लग्नाला जाणार. मलाही जीपमध्ये जागा मिळाली. वाटेत टायर पंक्चर झालं, तेव्हा हरभऱ्याच्या शेताच्या बांधावर बसून आम्ही हिरवे घाटे सोलून खाल्ले. हरप्रसादजींनी मात्र एकही तोंडात टाकला नाही.

दिवस मावळताना वरात आली. मांडवामागे ट्रॅक्टरच्या आडोशाला पाहुण्यांचं पिणं सुरू झालं. एका मेव्हण्यानं हरप्रसादजींच्या हातात ग्लास कोंबलाच. "बिटिया को ब्याव है जीजा, इत्तो तो चलत है." (मुलीचं लग्न आहे दाजी, एवढं तर चालतं.)

ते ग्लासाकडे बघत राहिले. मला वाटलं, आता कोणीतरी धावत जाऊन तो हिसकावून घेईल. पण श्रीकांत शांतपणे जाऊन त्यांच्या शेजारी उभा राहिला, मग दुसरा, मग तिसरा. हरप्रसादजींनीच ग्लास मेव्हण्याला परत दिला आणि म्हणाले, "श्रीकांत भैया, हमें इतै से लै चलो." (मला इथून घेऊन चला.) सगळे जीपमध्ये जाऊन बसले. आत हरप्रसादजी खूप रडले. मग तोंड धुऊन, पगडी नीट करून मांडवात गेले, आणि स्वतःच्या हातांनी कन्यादान केलं.

सकाळी मुलीची पाठवणी झाली. ती बापाच्या गळ्यात पडून बराच वेळ सुटेना. मोटार दिसेनाशी झाल्यावर नातेवाईक म्हणू लागले, आता इथंच राहा. हरप्रसादजींनी बायकोकडे पाहिलं. तिचं घर त्या क्षणी पार रिकामं झालं होतं. तिनं डोळे पुसले, लाडवांचा डबा श्रीकांतच्या हाती दिला आणि म्हणाली, "अबै इनें संगै लै जाओ. जब जे खुद कैहें, तब आहें." (आत्ता यांना सोबत न्या. हे स्वतः म्हणतील, तेव्हा येतील.)

परतीच्या गाडीत मी त्या बाईचाच विचार करत होते. दारू सोडणं म्हणजे एकट्यानं दातओठ खाऊन केलेला निश्चय, असं मी समजत आले होते. टहरौलीत मला दिसलं, की त्याला शेजारी उभं राहणारी माणसं लागतात. आणि दारात उभं राहून नवऱ्याला पुन्हा त्यांच्यासोबत पाठवणारी ती बाईही त्यांच्यातलीच एक होती.