जर्मन सिल्व्हरचा पाळणा

भांडुपच्या एका गाळ्यात सुगंधा परब वीस वर्षं जर्मन सिल्व्हरच्या भांड्यांना पॉलिश करते आहे. तांबं, जस्त, निकेल. चांदी औषधालाही नाही. तिच्या हातची ताम्हणं, निरांजनं निम्म्या मुलुंडच्या देवघरांत आहेत. आहेर उघडला की बायका ‘अय्या, चांदी!’ म्हणतात. म्हणोत बापड्या! सुगंधाला कुणी विचारलंय?

पण देवाला फसवायचं म्हणजे भलतंच. लेकीची, जान्हवीची, मुलगी सातव्या महिन्यातच जन्मली आणि काचेच्या पेटीत ठेवली, तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात सुगंधा चाळीच्या गणपतीला चांदीचा पाळणा बोलून बसली. पोर घरी आली. तोवर चांदीचा भाव आभाळाला टेकला.

“आई, वाट लागेल आपली,” मुलगा सुबोध म्हणाला. “तुझ्या गाळ्यातलाच एक वाहून टाक ना. झकास दिसतो. कुणाला कळतंय?”

“मला कळतंय ना, मेल्या!”

तरी शेवटी वीतभर पाळणा गाळ्यातूनच आला. गणपतीच्या दिवशी सकाळी तिने तो पुन्हा घासला आणि मखरापुढे ठेवला. चाळीतले थोरले लवूकाका गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. ते एकेक वाक्य देवाला सांगणार आणि मागून सगळी चाळ ‘व्हय म्हाराजा’ म्हणणार, ही रीतच.

“बा देवा म्हाराजा, ह्या सुगंधान चांदीचो पाळणो बोललेल्यान, तो आज तुझ्या पायाशी ठेवता हा...”

“थांबा काका. चांदीचो नाय तो. जर्मन सिल्व्हरचो हा.”

सुबोधने कपाळावर हात मारला. गाऱ्हाण्यात दुरुस्ती आजवर कुणी केली नव्हती. लवूकाकांनी घसा खाकरला.

“बा देवा म्हाराजा, चांदीचो नाय, जर्मन सिल्व्हरचो हा. पण तिणा तो आपल्या हातान घासल्यान हा. ता गोड मानून घे, आणि तिच्या नातीचा रक्षण कर रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

सुगंधाला रडू कोसळलं. पोर घरी आल्यापासून तिने तिला एकदाही उचललं नव्हतं. नवस बाकी असताना छातीच होत नव्हती. जान्हवीने बाळ पुढे केलं.

“घे गं आई.”

“थांब,” सुगंधा पदराने नाक पुसत म्हणाली. “हात धुऊन येते. पॉलिशचे आहेत.”