वेशीचा फोटो टाकलेला नाही

मित्रहो, आज शनिवार. सकाळी आपल्याच नगर जिल्ह्यातलं एक जुनं गाव पायी हिंडून पाहिलं. तिथली दगडी वेस अजून शाबूत आहे. पूर्वी पहारेकरी बसायचे त्या देवडीत आता एक मावशी मारुतीसाठी रुईच्या माळा विकतात.

माळ घेऊन मी वेशीचा फोटो काढला.

"फेसबुकवर टाकताय व्हय, दादा? नका टाकू."

"का? लोक वेस बघायला येतील. माळाही खपतील."

"आधी लोकं येत्यात, मग सायेब येत्यात. पलीकडच्या वेशीच्या देवडीला त्येंनी जाळी बसवली, तवापासून माझी जाऊ उन्हात बसती."

मारुतीला माळ घालून परतलो. फोटो मोबाईलमध्येच आहे.

जुन्या वास्तू जपा, असं मी नेहमी लिहितो. पण त्यांच्या सावलीत पोट भरणाऱ्यांना कुठे बसवायचं, हे कुणाला सुचतं का?