तायडेकाका आणि सत्तरच्या पुढची थरथर

किन्हीराजाच्या फाट्यावर सुखदेव तायडेंचं टिनाचं गॅरेज होतं. गाडी घेऊन आलेल्या माणसाला ते आधी स्टुलावर बसवत आणि काय बिघडलंय ते सांगायला लावत. तो सांगत असेपर्यंत स्वतः शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत बसत. त्याचं संपलं, की विचारत, "झालं? आता गाडीले बोलू देता का दोन मिनिटं?"

मी वाशीमजवळच्या मालेगाव तालुक्यात जनावरांची डॉक्टर. पावसाळ्यात काळ्या मातीतून गोठ्यापर्यंत पोचायला चारही चाकांनी ओढणारी गाडी हवी, म्हणून मी शिरपूरच्या देशमुखांची जुनी जीप घेतली. गाडीत एकही दोष नाही, असं देशमुखांनी छातीवर हात ठेवून सांगितलं. दोष एक नव्हताच, तेवढं खरं बोलले. होते ते बरेच, आणि त्यातला मुख्य असा, की चिखलात बैलासारखी चालणारी ही जीप डांबरी रस्त्यावर सत्तरच्या पुढे गेली की थरथरायला लागायची. सीट, पाय, दात, सगळं. माझी सात वर्षांची मुलगी मागे बसून तोंडाने लांब "आ" काढायची आणि तो आवाज कसा फाटतो ते ऐकून हसायची. घरात या गाडीचं कौतुक करणारी ती एकटीच.

मालेगावात विद्वानांची कमतरता नाही. टायरवाल्याने चाकांचं बॅलन्सिंग केलं. मग पुन्हा केलं. मग टायरच बदलायला लावले. दुसऱ्या एकाने शॉकअप बदलले. तिसऱ्याने गाडीला हातही न लावता सांगितलं, "मॅडम, साठनेच चालवा." निदान म्हणून हे सगळ्यात निर्दोष होतं.

शेवटी तायडेकाकांकडे गेले. त्यांनी माझी ही सगळी कथा चष्मा पुसत ऐकली. "टायर बदलले? छान. शॉकअप बदलले? लय छान. आता डायवरही बदलून पाहा."

मग ते माझ्या शेजारी बसले आणि आम्ही वाशीम रोडला लागलो. ऐंशीला त्यांनी गाडी न्यूट्रल करायला लावली. इंजिनाचा आवाज उतरला, थरथर तशीच राहिली. "इंजिन निर्दोष सुटलं," ते म्हणाले. मग माझ्या हाताकडे बोट दाखवलं. "स्टेरिंग शांत हाय. सीट हालून राह्यली. म्हंजे दुखणं मांगं हाय." इतक्या वर्षांत मी कुठल्याही गाईची तपासणी इतकी नेटकी केली असेल असं मला वाटत नाही.

तरी मागचं दुखणं सापडेना. काकांनी चाकं अदलाबदल केली, ब्रेकचे ड्रम उघडले, गिअरबॉक्सखालचे रबर बदलले. दोन आठवडे गेले. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा, दोन्ही टोकांना 'क्रॉस' नावाचे सांधे असलेला लांब शाफ्ट तेवढा त्यांनी पाहिला नाही. मी विचारलं तर म्हणाले, "थ्याचे क्रॉस म्याच टाकले, देशमुखाकडं गाडी होती तवा. थिकडं पाहाचं कामच नाही."

मला राहवलं नाही. म्हटलं, "काका, माझ्या औषधाने गाय बरी झाली नाही, तर मी पहिला संशय माझ्या इंजेक्शनवर घेते."

काकांचं चष्मा पुसणं थांबलं. "म्हंजे तुमाले म्हणाचं काय हाय, बाई? तायडे चुकला?"

"तपासा, एवढंच."

"ढोरायच्या डाक्टरनं आता मले शिकवा!" ते म्हणाले, आणि पाठ फिरवून दुसऱ्या गाडीखाली शिरले. मी जीप तिथेच ठेवून एस.टी.ने घरी आले. तालुक्यातला शेवटचा शहाणा माणूस आपण दुखावला, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन आला. "या."

त्यांनी मागचा शाफ्ट काढून बाजूला ठेवला होता. पुढची चाकं जोडणारा लिव्हर ओढून फक्त पुढच्या चाकांवर गाडी चालवायला लावली. सत्तर, ऐंशी, नव्वद. गाडी एकदम शांत. मी आनंदाने त्यांच्याकडे पाहिलं, तर काका खिडकीबाहेर बघत होते.

गॅरेजात आल्यावर त्यांनी शाफ्ट माझ्यासमोर आडवा धरला. तो दोन तुकड्यांचा असतो, दातांवर एकमेकांत सरकवलेला. उघडताना दोन्ही तुकड्यांवर खूण करतात, म्हणजे जोडताना खुणा समोरासमोर येतात. इथे दोन्हीकडे पंचने मारलेले तीन-तीन ठिपके होते. समोरासमोर मात्र नव्हते. एका दाताचा फरक.

"तीन ठिपके या तालुक्यात मी सोडून कोनी मारत नाही," काका म्हणाले. मग एका टोकाचा क्रॉस हलवून दाखवला. तो त्याच्या घरात खडखडत होता. "या थरथरीनं हाही गेला. अजून थोडे दिवस, अन् शाफ्ट सुटून रस्त्यात रोवला असता. पोरगी मांगंच बसते ना तुमची?"

मी मान हलवली. त्यांनी खडखडणारा क्रॉस काढून बाजूला टाकला.

नवा क्रॉस टाकून, खुणा जुळवून त्यांनी शाफ्ट बसवला. जीप नव्वदला रेशमासारखी धावली. मग म्हणाले, "शिरपूरले घ्या."

देशमुख ओट्यावर सुपारी कातरत होते. काका उभ्या उभ्याच म्हणाले, "भाऊ, गाडी माह्या हातानं बिघडली होती. शाफ्ट एक दात चुकवून बसवला म्या."

देशमुखांचा अडकित्ता थांबला. "म्हंजे थ्या थरथरीपायी म्या उगीच इकली गाडी?"

"व्हय."

"माह्या बापानं घेतलेली जीप होती थे!"

"माईत हाय."

"अन् कोनाले समजलंही नसतं. मंग सांगाले काहून आला?"

"थ्या थरथरीसाठी तुमी अजूनही टायरवाल्याले शिव्या देऊन राह्यले, म्हून आलो."

देशमुखांनी चहा विचारला नाही. पुढे वर्षभर दोघांत बोलणं नव्हतं. काका मात्र त्यानंतर कुठल्याही गाडीत आपण केलेलं काम सगळ्यात आधी उघडून बघत. जिभेत फरक पडला नाही. "आधी गुन्हेगार तपासतो," म्हणत.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. मी किन्हीराजात मातीला पोचले तर देशमुख माझ्याआधी आलेले होते, रणरणत्या उन्हात, टोपी हातात घेऊन. मला पाहून जवळ आले.

"लय खडूस मानूस, बाई," ते म्हणाले. "याच्यापायी माह्या बापाची गाडी गेली." मग दुसरीकडे बघत म्हणाले, "सरका जरा. खांदा द्याचा हाय मले."