अक्का तेवढा खोकला सांगायची

मांबलम स्टेशनचा जिना उतरत होते आणि पूर्वाचा फोन आला. ‘मावशी, आई गेली... न्यूमोनिया कंट्रोलच झाला नाही.’ पूर्वा माझी भाची, इथेच शहराबाहेर सिरुसेरीला नोकरी करते. तिची आई म्हणजे माझी थोरली बहीण, अक्का, बरेच दिवस डायलिसिसवर होती. तिला जाऊन आता काही आठवडे झाले. भेटायला येणारा प्रत्येकजण ‘छाती पहिल्यापासूनच नाजूक हो तिची’ म्हणतो आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. छातीचं साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. मूत्रपिंडांचं मात्र ती निकामी होईपर्यंत घरातसुद्धा कुणाला कळलं नाही, कारण त्यासाठी जो शब्द उच्चारावा लागतो तो आमच्या सोज्वळ घरात चालत नव्हता.

अक्का शाळेत गणित शिकवायची, खदखदून हसायची, आणि भाजीवालीशी तमिळमध्ये असं भांडायची की ती बाई शेवटी कढीपत्ता फुकट देऊन सुटका करून घ्यायची. मार्गळी महिन्याच्या थंडीत पहाटे ओल्या केसांनी दारात कोलमची रांगोळी काढायची आणि दर वर्षी खोकून बेजार व्हायची. मग शेजारपाजारहून मिरीचं रसम, ओवा, हळदीचं दूध. कफ पांढरा की पिवळा, यावर लोक तिच्यासमोर चवीने चर्चा करायचे! पण खोकला झाला की लघवी काळपट लाल होते, हे तिने एकदाच, भावोजींना सांगितलं. ते पानावर बसले होते. ‘शी! जेवताना काय हे घाणेरडं?’ झालं. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. डॉक्टरांपुढेही नाही, कारण शेजारच्या खुर्चीत भावोजी असायचे आणि तिच्या आधी तेच उत्तर द्यायचे, ‘खोकलाच आहे, बाकी काही नाही.’

हे मला तिने डायलिसिसच्या खाटेवर सांगितलं, तेही कुजबुजत. काहींच्या मूत्रपिंडांना छातीच्या अशा दुखण्यात इजा होते, वेळीच कळतं तर बरंच सावरता आलं असतं, असं डॉक्टर म्हणाले होते. ‘जाऊ दे गं, परवाइल्लै,’ अक्का म्हणाली. काही हरकत नाही म्हणे! मला किळस आली... लघवीची नाही, त्या ‘शी’ची. दुसऱ्याच्या बेडक्यावर तासभर बोलणाऱ्या आणि माणूस आतून संपत असताना नाकाला पदर लावणाऱ्या आमच्या सभ्यपणाची. शेवटी अंगात झुंजायला काही उरलंच नव्हतं. नेहमीसारखा खोकला आला आणि तिला घेऊन गेला.

गेल्या रविवारी भावोजींकडे जेवायला गेले होते. अक्काच्या जागेवर उभी राहून पूर्वा वाढत होती, मधेच तोंड फिरवून खोकत होती. ‘रात्री वाफ घे,’ भावोजी मायेने म्हणाले. सगळ्यांच्या पानात भात वाढलेला होता. मी मोठ्याने विचारलं, ‘पूर्वा, लघवीचा रंग कसा आहे?’

भावोजींचा हात थांबला. ‘मावशी, प्लीज... नंतर,’ पूर्वा म्हणाली.

‘नंतर नाही. आत्ता.’

तिने बापाकडे पाहिलं, मग हातातल्या भांड्याकडे.

‘काळपट, कॉफीच्या डिकॉक्शनसारखा,’ ती म्हणाली.